वाचक विचारतात: पायमशीन, मागून फुगीर घागरा आणि बोस्टनचा बर्फ

प्रश्न (पंचवटी): पणजीच्या वेळची काळी पायमशीन घरी आहे. सोनेरी नक्षी, सिंगरचं नाव. ती अमेरिकेत बनलेली असेल का? पाय मारला की चालते, पण कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता होतो आणि मधले टाके सुटतात. एका कारागिराने भंगारात घाला म्हणून सांगितलं.

उत्तर: भंगारात मुळीच घालू नका. तुम्ही लिहिलेली दोन्ही दुखणी बहुतेक वेळा फुकटात बरी होतात.

आधी जन्मगाव. मशीनच्या पाट्यावर ठोकलेला नंबर पाहा. आकड्यांच्या आधी इंग्रजी अक्षर असेल तर मशीन १९०० किंवा त्यानंतरची, नुसते आकडे असतील तर त्याआधीची. कंपनी अमेरिकन असली तरी तिने १८८५ साली स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकला मोठा कारखाना काढला आणि आपल्याकडे आलेल्या कितीतरी मशिनी तिथल्याच. तेव्हा "अमेरिकेची" म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर नंबर पाहिल्याशिवाय देऊ नका. पुढची सरकती पत्री उघडून शटलही (खालच्या दोऱ्याची बॉबीन धरणारा भाग) बघा. होडीसारखं लांबट शटल आणि त्यात काडीसारखी बॉबीन असेल तर तो एकोणिसाव्या शतकातला जुना नमुना. गोल बॉबीन असेल तर बहुधा सिंगरचा पंधरा नंबरचा नमुना. आपल्या देशी काळ्या मशिनी याच पंधरा नंबरवर बेतलेल्या आहेत, त्यामुळे त्याचे सुटे भाग आजही मिळतात.

आता सुटणारे टाके. सुई हातात घेऊन उजेडात धरा. एका अंगाला वरपासून भोकापर्यंत लांब खाच दिसेल. दुसरं अंग दांड्याशी चपटं असतं आणि त्याच बाजूला भोकाच्या जरा वर छोटा खोलगा असतो. सुई खाली जाऊन किंचित वर उठते तेव्हा लांब खाचेतला दोरा खाचेतच राहतो, पण खोलग्याच्या बाजूचा दोरा फुगून त्याचा इवलासा फास होतो. शटलचं टोक त्या फासातून जातं आणि टाका पडतो. सुई उलटी बसवली की फास पलीकडे होतो, शटल रिकामंच जातं. म्हणून नियम एकच: चपटी बाजू शटलकडे, आणि दोरा लांब खाचेच्या बाजूने ओवायचा. सुई वर टेकेपर्यंत सरकवून मगच स्क्रू आवळा, दोन मिलिमीटर खाली राहिली तरी टाका चुकतो. ब्लाउजच्या सुती कापडाला १४ नंबरची सुई, जाड कापडाला १६. काही जुन्या नमुन्यांना आजची सुई लांबीला जुळत नाही, म्हणून दुकानात जाताना मशीनमधली जुनी सुई सोबत न्या.

खालच्या गुंत्याबद्दल सगळे बॉबीनला शिव्या देतात, पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. तो ताणाच्या दोन चकत्यांच्या मध्ये न बसता वरवर राहिला की ढिला सुटतो आणि कापडाखाली त्याची जाळी होते. ओवून झाल्यावर कापड दाबणारा पाय खाली सोडा आणि सुईजवळ दोरा ओढून बघा. घट्ट लागला पाहिजे. सुळकन आला तर पुन्हा ओवा.

गुंत्याचं दुसरं कारण पायात असतं. पाय मारताना चाक क्षणभर उलटं फिरलं तरी दोरा अडकतो किंवा तुटतो. सुरुवात नेहमी हाताने करायची: वरचं चाक आपल्याकडे फिरवून गती द्यायची, मग पाय. दोन्ही पावलं पायपट्टीवर शेजारी शेजारी नकोत. एक जरा पुढे, एक मागे ठेवलं की पुढच्या पंजाने आणि मागच्या टाचेने आळीपाळीने दाब देता येतो. चामड्याची वादी घसरत असेल तर एक सेंटिमीटर कापून पुन्हा आकड्यात अडकवा. फार आवळली तर मशीन जड चालते.

तेलाचंही एक सांगायचं राहतं. आपल्याकडे खोबरेल घालण्याची सवय जुनी. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, आणि नाशिकच्या थंडीत पहाटेचा पारा किती खाली जातो हे निफाडच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. थंडीत मशीन "आखडते" ती यामुळे. वर्षं गेली की तेच तेल चिकटून त्याचा डिंक होतो. उपाय: तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे दोन-तीन थेंब, पाच मिनिटं दोरा न ओवता चालवा, रात्रभर ठेवा (देवघरातल्या समईपासून लांब), सकाळी काळा मळ पुसा, मग शिलाई मशीनचं पातळ तेल. रॉकेल मिळालं नाही तर तेच पातळ तेल सढळ घाला, चार दिवस लागतील एवढंच. सुईखालची पत्री उघडून दात्यांच्या फटींतला कापसाचा थर टाचणीने उकरा, तो दाबून दाबून नमद्यासारखा झालेला असतो. सोनेरी नक्षीला मात्र स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका. वरचं रोगण लाखेचं असतं, ते स्पिरिटमध्ये विरघळतं आणि नक्षी फडक्यावर येते. मऊ फडक्याला तेलाचा थेंब पुरे.

त्या दात्यांकडे बघायला थोडा वेळ काढा. अमेरिकेच्या एलियास होवने १८४६ साली शिवणयंत्राचं पेटंट घेतलं तेव्हा टोकाशी भोक असलेली सुई आणि शटल होतं, पण कापड एका पत्र्याच्या खिळ्यांना टांगावं लागे. पत्रा संपला की शिवण थांबवायची, कापड काढून पुन्हा टांगायचं. सिंगरच्या १८५१ च्या मशीनमध्ये सुई उभी झाली आणि कापड आडव्या पाट्यावर आलं. ॲलन विल्सनने १८५४ साली कापड सरकवण्याची युक्ती पक्की केली: दाते वर येतात, पुढे जातात, खाली बुडतात, मागे येतात. चाक सावकाश फिरवलंत तर तुमच्या मशीनमध्येही हेच दिसेल. हे पेटंटवाले एकमेकांना कोर्टात खेचून दमले आणि १८५६ साली चौघांनी पेटंटं एकत्र केली. त्याच वर्षी सिंगर कंपनीने हप्त्याने मशीन द्यायला सुरुवात केली. घराघरांत मशीन शिरली त्यात तंत्राइतकाच हप्त्याचा वाटा आहे, असं आमचं मत.

प्रश्न (नाशिकरोड): आमच्या हौशी मंडळाच्या नाटकात आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत उतरतात. तिथल्या बायकांना चारी बाजूंनी फुगलेले पिंजऱ्याचे घागरे द्यायचे आहेत. स्वस्तात कसे करावेत?

उत्तर: करूच नका, साल चुकेल. पोलादी कड्यांचा पिंजरा १८५६ च्या सुमारास आला आणि १८७० पर्यंत त्याची हौस फिटली. त्याआधी बायका खळ घातलेले पाच-सहा परकर एकावर एक घालत, म्हणून पिंजरा आला तेव्हा त्यांना हलकंच वाटलं असणार. आनंदीबाई पोचल्या तेव्हा घागरा पुढून सपाट, अंगालगत आणि फक्त मागे, कमरेखाली, फुगलेला असे.

तो फुगवटा करायला बुरुडाकडच्या बांबूच्या कामट्या उत्तम. ४५ सेंटिमीटर लांब, बोटापेक्षा अरुंद अशा चार घ्या. रात्रभर पाण्यात भिजवा, टोकं घासून गोल करा आणि त्यांवर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर दुसऱ्या प्रयोगाला कापडातून बाहेर येतील. जाड सुती परकराच्या मागच्या भागावर आडव्या नेफ्यासारख्या चार पट्ट्या शिवा, पहिली कमरेपासून ७ सेंटिमीटर खाली, पुढच्या ८-८ सेंटिमीटरवर. कामट्या त्यात सरकवा. आतल्या बाजूने प्रत्येक कामटीच्या दोन्ही टोकांशी नाड्या शिवून त्या एकमेकींना बांधा, टोकांमधलं अंतर २५ सेंटिमीटर राहील इतक्या आवळून. कामटी मागे कमानीसारखी वाकते आणि साधारण १६ सेंटिमीटर फुगवटा मिळतो. नाड्या इथेच आवळायच्या, शिवून पक्क्या करायच्या नाहीत, कारण नटीप्रमाणे माप बदलतं.

यावर थेट घागरा घातला तर कामट्यांच्या रेघा प्रेक्षकांना दिसतात. मधे खळ दिलेल्या सुती कापडाच्या दोन झालरी हव्यात. वरच्या घागऱ्याला अडीच मीटर घेर पुरतो, सगळ्या चुण्या मागे. बाह्या अरुंद ठेवा, फुग्यासारख्या बाह्या १८९० नंतरच्या. बसताना खुर्चीच्या कडेवर जरा तिरकं बसायचं, म्हणजे कामट्या वर सरकतात. पाठीला टेकून बसलं की मोडतात. तालमीत हे बसणं घागऱ्याशिवाय करून उपयोग नाही.

पुढेमागे १८६० चा प्रसंग असेलच तर पिंजऱ्याला आपल्याकडचं साहित्य हाताशी आहे: ठिबकची १२ मिलिमीटरची साधी, तोट्या नसलेली नळी. गुंडाळीतून निघतानाच ती गोल असते. खालून वर २८०, २५५, २२५, १९० आणि १५० सेंटिमीटर घेराची पाच कडी, म्हणजे ११ मीटर नळी आणि पाच जॉइनर. टोक गरम पाण्यात बुडवलं की जॉइनर सहज शिरतो. कमरपट्ट्यापासून आठ सुती पट्ट्या सोडून कडी १५ सेंटिमीटरच्या अंतराने बांधा. सगळ्यात खालचं कडं जमिनीपासून वीतभर वर हवं, नाहीतर चालताना पाय त्यात अडकतो. आणि रंगमंचावर पणती, मेणबत्ती काही नको. असे घागरे पेटून त्या काळी बायका गेल्या आहेत.

प्रश्न (देवळाली): मुंबईला अमेरिकेतून जहाजाने बर्फ येत असे, हे खरं का? वाटेत वितळत कसा नव्हता?

उत्तर: खरं आहे, आणि वितळतही होता. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने मे १८३३ मध्ये 'टस्कनी' जहाजातून सुमारे १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांनी पोचला तेव्हा साधारण १०० टन उरला होता. पुढे मुंबई आणि मद्रासलाही येऊ लागला. मद्रासचं बर्फघर अजून उभं आहे, आज तिथे विवेकानंदांचं स्मारक आहे.

तळ्यावरचा बर्फ घोड्याने ओढायच्या दातेरी नांगराने एकसारख्या चौकोनांत कापत. ही नॅथॅनियल वाएथची युक्ती. चौकोन फटी न ठेवता रचले की सगळ्यांचा मिळून एकच डोंगर होतो आणि उष्णता फक्त बाहेरून लागते. भोवती लाकडाचा भुसा, खाली वितळलेलं पाणी जायला वाट. पाणी साचून भुसा भिजला की त्यातली हवा जाते आणि तो उष्णता अडवत नाही. आपला रसवंतीवाला लादीवर भुसा आणि गोणपाट टाकतो ते याच हिशोबाने. फक्त रोज तोच ओला भुसा वापरतो, तिथे चुकतो.

प्रश्न (सिडको): साडीची सेफ्टी पिन कोणी काढली? आणि ती नेमकी भारी साडीलाच का फाडते?

उत्तर: न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने, १८४९ साली. एकच तार मध्ये वेटोळून स्प्रिंग केली, आणि पेटंट ४०० डॉलरला विकून टाकलं. टोकाशी भोक असलेल्या सुईचं शिवणयंत्रही त्याने होवच्या आधी केलं होतं, त्याचं पेटंट मात्र त्या वेळी घेतलं नाही.

साडी फाटते ती टोकाने नव्हे, त्या वेटोळ्याने. पदर ओढला गेला की रेशमाचा धागा सरकत वेटोळ्याच्या फटीत शिरतो आणि सोडवताना तुटतो. पिन लावण्याआधी तारेत एक छोटा मणी ओवून वेटोळ्यापर्यंत सरकवा, कापड तिथवर पोचतच नाही.