रेडिओला विरोध ठीक आहे, पण तो फोन कशाला केलात?

नमस्कार भाऊ,

तुमचा मेल दोनदा वाचला. मुलगी एसवायबीएला, बारावीला 71 टक्के, तिने राज्यसेवेची तयारी करावी असं तुम्हाला वाटतं आणि ती मात्र आठवड्यातल्या तीन संध्याकाळी तालुक्याच्या कम्युनिटी रेडिओवर (स्थानिक संस्थेने चालवलेलं छोटं स्टेशन), "कुठल्या तरी 82 वर्षांच्या म्हाताऱ्या शाहिरापुढे माईक धरून बसते, तो मोर्च्यांची गाणी म्हणतो, उद्या पोलीस व्हेरिफिकेशनला नडलं तर?" इथपर्यंत काळजी समजली. पण शेवटी शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की स्टेशनवर फोन करून हिला काम देऊ नका असं सांगितलंय आणि तिला ते माहीत नाही. मी तिथेच अडकले.

म्हणजे सध्या ती पोरगी घरात बसून विचार करतेय की माझं काय चुकलं, आवाज बरा नाही की एडिटिंग फसलं, एकाएकी बोलवायचे का बंद झाले. आणि तुम्ही समोर बसून चहा पिताय. हे तिला कळणारच, तालुक्याच्या गावात अशी गोष्ट किती दिवस लपते? मग क्लास कुठला लावू हेसुद्धा ती तुम्हाला विचारायची नाही. नको म्हणायचं होतं तर तोंडावर म्हणायचं ना, भांडण झालं असतं, दोन दिवस अबोला, मिटलं असतं.

आता तुमचा गैरसमज. कम्युनिटी रेडिओ म्हणजे आंदोलनवाल्यांचा भोंगा असं तुमच्या डोक्यात आहे. 1995 साली सुप्रीम कोर्टाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा निकाल दिला (निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत, आपलेच), आणि 2006 नंतर शिक्षणसंस्थांबरोबर स्वयंसेवी संस्थांनाही असं स्टेशन काढता यायला लागलं. म्हसवडला माणदेशी तरंग आहे, पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी, तिकडे तेलंगणात दलित बायका 2008 पासून स्वतःचा संघम रेडिओ चालवतात. ट्रान्समीटर 100 वॉटचा, आवाज दहा-पंधरा किलोमीटर गेला तरी खूप. आणि परवान्याच्या अटी वाचल्यात का कधी? बातम्या, चालू घडामोडी, राजकीय प्रचार, काहीच चालत नाही, बातमी द्यायचीच तर आकाशवाणीची, तीही जशीच्या तशी किंवा फार तर स्थानिक बोलीत भाषांतर करून. वाजवलेलं सगळं तीन महिने जपून ठेवावं लागतं. लोककला आणि स्थानिक कार्यक्रम मात्र खुशाल करा. म्हणजे तहसीलसमोर आज बसलेल्या मोर्च्याची बातमी तुमची मुलगी देऊच शकत नाही, पण 1956 च्या संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत तेरा वर्षांचा एक पोरगा शाहिरामागे उभा राहून झील (गाण्याला मागून साथ) कशी धरायचा हे त्याच्याच तोंडून ऐकवू शकते. मला विचाराल तर हा नियमच तोकडा आहे, जिवंत आंदोलनाला बंदी आणि जुनं झालं की त्याची संस्कृती. पण तुमच्या भीतीला त्यात जागा नाही एवढं नक्की.

आणि ते "कीर्तन लावलं असतं तर माझी हरकत नव्हती" हे काय? गाडगेबाबांचं कीर्तन आठवा, कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बकरं कापू नका असं भर सभेत लोकांना विचारून विचारून वदवून घ्यायचे. ते चाललं असतं आणि शाहीर अण्णाभाऊ साठेंच्या, अमर शेखांच्या परंपरेतला म्हातारा चालत नाही?

आता मुलीच्या बाजूनेही सगळं गोड बोलणार नाही. या स्टेशनवर पोट भरेल असा पगार क्वचितच मिळतो, तासाला 12 मिनिटं जाहिरात करायची परवानगी आहे पण छोट्या गावात तेवढ्या जाहिराती आणायच्या कुठून. तेव्हा हीच नोकरी धरून बसू नको हे तिला सांगा, जरूर सांगा. बीए पूर्ण कर, पुढे पत्रकारिता किंवा मराठी, आकाशवाणीच्या नैमित्तिक उद्घोषकाची ऑडिशन निघाली की दे. राज्यसेवा तिला स्वतःला हवी असेल तर मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, रोज स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचा हात तिथे चालतो. तासाभराच्या रेकॉर्डिंगमधून नेमकी आठ मिनिटं काढायची, मधला खोकला कापायचा पण म्हाताऱ्याचा श्वास ठेवायचा, हे तिला येतं असं तुम्हीच तक्रार म्हणून लिहिलंय ("रात्री बारापर्यंत कानाला हेडफोन लावून एकच ओळ ऐकत असते"). भाऊ, हे काम आहे.

मार्कांचं, क्लासचं नंतर बघू. आधी आज रात्री जेवणं झाली की फोन मीच केला होता हे तिला स्वतःच्या तोंडाने सांगा, आणि उद्या स्टेशनवर दुसरा फोन करून पहिला मागे घ्या. परीक्षा झाल्यावर करेल बाकीचे एपिसोड, असं म्हणून पुढे ढकलू नका. शाहिरांचं वय तुम्हीच 82 लिहिलंय.