नॉर्टेकमधील ‘तांबोरा’ आणि आपला तंबोरा

नॉर्टेक या मेक्सिकन नृत्यसंगीताच्या वाद्यांत ‘तांबोरा’ आढळतो, तो आपलाच तंबोरा काय आणि मुळात नॉर्टेक म्हणजे काय, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे.

‘नॉर्तेन्यो’ (उत्तर मेक्सिकोचे अकॉर्डियनप्रधान लोकसंगीत) आणि ‘टेक्नो’ (यंत्रनिर्मित ठेक्याचे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) यांचा जोडशब्द म्हणजे नॉर्टेक. अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या तिहुआना शहरात १९९९ च्या सुमारास पेपे मोग्ट, रामोन आमेस्कुआ आदी मंडळींनी स्थानिक स्टुडिओंत पडून राहिलेल्या ध्वनिमुद्रणांतून ट्युबा (फुंकून वाजवायचे मोठे पितळी वाद्य), अकॉर्डियन आणि ताशांचे तुकडे वेचून ते संगणकावर टेक्नोच्या ठेक्यात बसवले. याला ‘मारियाची टेक्नो’ म्हणण्याची खोड आता सोडावी, कारण मारियाची ही पश्चिमेकडील हालिस्कोची परंपरा आहे आणि ‘नॉर्ते’ म्हणजे उत्तर. नॉर्टेक हे नावही तसे अपुरेच आहे, कारण त्यातील ट्युबा आणि तांबोरा ही नॉर्तेन्योची नव्हे, तर मेक्सिकोतील सिनालोआ राज्याच्या बांदा या वाद्यवृंदाची देणगी आहे.

हा तांबोरा तंतुवाद्य नाही, तर मोठा ढोल आहे. त्याच्या माथ्यावर झांज बसवलेली असते. वादक एका हाताने ढोलावर टोला देतो आणि दुसऱ्या हाताने झांज वाजवतो. सिनालोआत तर साऱ्या बांदा संगीतालाच तांबोरा म्हणतात.

तरीही दोन्ही शब्दांत नाते आहे, आणि ते मोठे रंजक आहे. ‘तांबोरा’ हा स्पॅनिश ‘तांबोर’चे रूप. फारसीत ‘तबीर’ म्हणजे ढोल, त्यात ‘म्’ शिरला तो अरबीतील ‘तुंबूर’ या तंतुवाद्याच्या नावामुळे, हे व्युत्पत्तिकारांचे मत मला पूर्ण पटते. काही जण हा शब्द अरबी ‘तब्ल’पासून, म्हणजे आपल्या तबल्याच्या मुळापासून, ओढून आणतात. परंतु ‘तब्ल’पासून स्पॅनिशने ‘आताबाल’ हा स्वतंत्र शब्द केव्हाच घडवला आहे, आणि त्यात अनुनासिकाचा मागमूस नाही, याचे उत्तर त्यांनी द्यावे. याच तुंबूर-तंबूर घराण्यातून आपला तंबोरा आला. त्याचे मूळ तुंबरू गंधर्वात किंवा तुंब्यात शोधणाऱ्या आपल्याकडील पंडितांनी भक्तीला व्युत्पत्तीच्या जागी बसवले आहे. इराण, अरबस्तान आणि तुर्कस्तान येथे या नावाची लांब दांड्याची वाद्ये वाजत आली आहेत, त्यांचे ते काय करणार? अरबांच्या स्पेनमधील दीर्घ राजवटीत मुरलेला शब्द सोळाव्या शतकात स्पॅनिशांबरोबर ढोल या अर्थानेच मेक्सिकोत उतरला. इकडे फारसीच्या वाटेने आलेला त्याचा सोयरा षड्ज-पंचमाच्या सुरांत स्थिरावला.

तेव्हा नॉर्टेकविषयी मराठीत लिहिताना ‘तांबोरा हा ढोल’ असे स्पष्ट लिहावे. नुसता ‘तंबोरा’ छापल्यास वाचक टेक्नोच्या ठेक्यात चार तारा ऐकू लागतील.