युरियाच्या मेथीत कस नसतो का?

प्रश्न : मावशी, आम्ही जळगावला राहतो. कॉलनीत दर रविवारी एक भाऊ सेंद्रिय भाजी घेऊन येतो, बाजारात मेथीची जुडी 15 ला तर त्याच्याकडे 35. सासूबाई म्हणतात युरियाच्या भाजीत कसच राहत नाही, मिस्टर म्हणतात सगळं थोतांड. घरात दोन लहान पोरं आहेत, काय करू?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : अगं, दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत. यावर जगात भरपूर तपासून झालंय. 2009 ला लंडनच्या स्कूल ऑफ हायजीनवाल्यांनी मागच्या 50 वर्षांतले अभ्यास चाळले, 2012 ला अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लोकांनी 237 अभ्यास बघितले, आणि दोघांनाही जीवनसत्त्वांत म्हणावा असा फरक सापडला नाही. मग 2014 ला इंग्लंडच्याच न्यूकॅसल विद्यापीठाने 343 शोधनिबंध एकत्र केले, त्यांना मात्र सेंद्रिय मालात अँटिऑक्सिडंट (पेशींची झीज रोखणारी द्रव्यं) जास्त दिसले, प्रकार बघून 18 ते 69 टक्के. कारण असं सांगतात की युरिया पडला की झाड भराभर पाला काढत सुटतं आणि स्वतःच्या बचावासाठी जी तुरट-कडवट द्रव्यं, म्हणजे हीच अँटिऑक्सिडंट, बनवायची ती कमी बनवतं. पण ती जास्तीची द्रव्यं खाऊन पोरांची तब्येत किती सुधारते हे काही त्यात मोजलेलं नाही, म्हणून कसासाठी 20 रुपये जास्त दे असं मी तरी सांगणार नाही.

कस जातो तो भलतीकडेच. पालेभाजी उपटली की तिच्यातलं क जीवनसत्त्व कमी व्हायला लागतं, आणि आपल्या उन्हात तर विचारूच नको. त्या भावाची मेथी शुक्रवारी काढून गोणपाटाखाली पाणी मारून ठेवलेली असेल आणि बाजारातली पहाटे उपटून आणलेली असेल, तर बाजारातलीच घे बिनधास्त. देठ मोडून बघायचा, कट्कन मोडला तर ताजी, दोरीसारखा वाकला तर 15 ला पण महाग. आणि आधी धुवायची मग चिरायची, चिरून पाण्यात बुडवून ठेवली की क जीवनसत्त्व आणि फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) मोरीत जातं, मग ती सेंद्रिय असो नाहीतर नसो.

आता फवाऱ्याचं बोलू, कारण 35 रुपयांना अर्थ असलाच तर तो इथे आहे. न्यूकॅसलच्या त्याच कामात कीटकनाशकाचे अंश साध्या मालात चौपट वेळा सापडले, कॅडमियम नावाचा विषारी धातू सेंद्रियमध्ये सरासरी 48 टक्के कमी. आपल्या भरताच्या वांग्याचंच घे, बामणोद-आसोद्याकडचं ते हिरवं पांढरट मोठं वांगं, 2016 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं. त्याला शेंडा आणि फळ पोखरणारी अळी लागते, ती एकदा फळात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून शेतकरी आधीपासून फवारे मारत राहतो, त्याचाही नाइलाज. काड्यांवर भाजून साल काढली की वरवरचं बरंच निघून जातं, पण आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या अंगात भिनणारं औषध गरातच असतं, ते ना धुऊन जातं ना सालीबरोबर. तेव्हा पोरांसाठी जास्तीचे पैसे घालायचेच असतील तर वांगी, पालेभाजी, मिरची, कोथिंबीर यांच्यावर घाल. दादर ज्वारीला तसे फवारे फार लागत नाहीत, काळ्या जमिनीतल्या ओलीवर येते ती, तिच्यासाठी सेंद्रियची पाटी बघून डबल भाव देऊ नको. आणि महाग म्हणून भाजीच कमी आणायची हे तर मुळीच करू नको, त्यापेक्षा साधी ताजी भाजी दोन वेळा कर.

प्रश्न : सेंद्रिय केळी मुलांना जास्त पौष्टिक का?
— भुसावळ

उत्तर : नाही हो. पोटॅशियम, साखर जवळपास तेच, आणि साल आपण फेकतोच. केळीत बघायचं ते पिकवलीय कशाने. कार्बाइडला बंदी आहे, इथिलीन गॅसने पिकवायला परवानगी आहे, आणि हा सगळा प्रकार घड कापल्यानंतरचा.

प्रश्न : शेतकरी सेंद्रिय म्हणतो पण सर्टिफिकेट नाही. फसवतोय का?
— अमळनेर

उत्तर : तसंच काही नाही भाऊ. पाकिटावर सेंद्रियचा सरकारी लोगो लागतो, पण वर्षाला 12 लाखांच्या आत उलाढाल असलेला लहान शेतकरी थेट गिऱ्हाइकाला विकत असेल तर त्याला सर्टिफिकेटमधून सूट आहे. त्याला विचारा की रासायनिक बंद करून किती वर्षं झाली (हंगामी पिकांना साधारण 2 वर्षं धरतात) आणि अळी किंवा बुरशी आली की काय मारतोस. अळीला निंबोळी अर्क, दशपर्णी (दहा झाडांच्या पाल्याचा अर्क) असं काही सांगेल, बुरशीला बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) म्हणाला तरी दचकू नका, मोरचूद मर्यादेत चालतं. काहीच मारत नाही आणि अळीही येत नाही म्हणाला, तर मात्र पुढच्या गाडीवर जा.