मुलीला वैशाखाच्या आधी घेऊन ये

ताई म्हणून विचारलंस, म्हणून अरे-तुरेच करते. भूजलात दहा वर्षं काम झालंय, काठमांडूला पर्वतीय विकासाच्या एका प्रकल्पात नोकरी मिळतेय, मुलगी तिसरीत आहे, बायको तयार नाही; यावं का, असं तू विचारलंयस. बँक, कर, घरभाडं यांची माहिती तुला संस्थेकडून आणि दूतावासाकडून मिळेलच. ते सोडून लिहिते.

मी 2016 च्या जूनमध्ये आले, भूकंपानंतर वर्षभराने. काम झऱ्यांचं. हिमनद्यांची बातमी जगभर जाते, आणि ती खरीच आहे. तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्यांचा तिसरा हिस्सा शतकाअखेर जाईल, असं इसिमोडच्या, म्हणजे काठमांडूतल्या आंतरराष्ट्रीय पर्वतीय विकास संस्थेच्या, 2019 च्या अहवालात आहे. पण इथे ज्याला ‘पहाड’ म्हणतात त्या मधल्या डोंगरांत नदी खाली दरीत असते आणि गाव वर उतारावर. तिथल्या बाईच्या घागरीत हिमनदीचं पाणी येतच नाही, झऱ्याचं येतं. त्याला ‘मूल’ म्हणतात. पाऊस आता थोड्या दिवसांत कोसळतो आणि वाहून जातो. म्हशी कमी झाल्या तशी त्यांची डुंबायची तळी, ‘आहाल’, बुजली. खरं तर तीच पाणी मुरवायची. वरून डोझरने रस्ते कापले. काही झरे 2015 च्या भूकंपाच्या धक्क्यातच आटले.

काभ्रे जिल्ह्यातल्या एका धाऱ्यावर, म्हणजे झऱ्याचं पाणी तोटीतून पडतं त्या पाणवठ्यावर, आम्ही बादली आणि घड्याळ घेऊन प्रवाह मोजायचो. पहिल्या मे महिन्यात वीस लिटरची बादली भरायला साडेअकरा मिनिटं लागली. एक आजी तांब्याची गाग्री घेऊन आमचं मोजणं संपायची वाट बघत उभी होती. धार तिच्या करंगळीएवढीही नव्हती. खडकांचे थर पाहिले तर उतार पलीकडून अलीकडे. म्हणजे पाणी मुरत होतं ते डोंगराच्या पाठीमागे, दुसऱ्या गावाच्या सामुदायिक वनात. ज्यांच्या जंगलात चर खणायचे त्यांना त्या पाण्याचा थेंबही मिळणार नव्हता. त्यांची संमती, मग ठराव, मग पालिकेचा शिक्का. शिक्क्यासाठी गेलं की साहेब बैठकीला. आठ महिने आणि एक अख्खा पावसाळा त्यातच गेला. अजून आठवलं की घसा कोरडा पडतो.

चर खणल्यावर दुसऱ्या पावसाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात बादली चार मिनिटांत भरली. तोवर प्रकल्प बंद होऊन सात महिने झाले होते. मी रजा काढून, पदरमोड करून मोजायला गेले. आजीच्या घराला कुलूप होतं. मुलगा कतारला, सून नातवंडांना घेऊन बनेपा शहरात, आजी त्यांच्याबरोबर. म्हणून सांगते, मुलाखतीत पगाराआधी विचार की पैसा किती वर्षांचा आहे आणि प्रकल्प संपल्यावर कोण मोजणार. तीन वर्षांचा करार डोंगराला पुरत नाही.

आता शाळा. इथलं शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. मी आपल्या सवयीने जूनमध्ये पोचले. माझी लेक नऊ वर्षांची होती. दोन महिने बुडाले म्हणून शाळेने तिला एक इयत्ता खाली बसवलं. त्यात तिच्या जन्मतारखेचं विक्रम संवतात रूपांतर करताना लिहिणाऱ्याचा एक दिवस चुकला. तिथले महिने 29 पासून 32 दिवसांपर्यंतचे, तक्ता पाहिल्याशिवाय तारीख जुळत नाही. त्या एका दिवसापायी दाखला, पासपोर्ट आणि प्रतिज्ञापत्र घेऊन मी दोन वर्षं फिरले.

पण मला लागलं ते वेगळंच. लिपी देवनागरी, म्हणून सगळ्यांनी धरून चाललं की हिला नेपाळी येईल. तिला वाचता येत होतं, कळत नव्हतं. ‘पनि’ म्हणजे ‘सुद्धा’. ती प्रत्येक ओळीत पाणी शोधायची आणि वर्ग हसायचा. बाईही हसल्या. हे तिने मला चार वर्षांनी सांगितलं. मी त्या दिवसांत काभ्रेत बादल्या मोजत होते. तू असा नसशील, पण पहिले सहा महिने फिरतीचं काम घेऊ नकोस, ते लिहून घे.

एकटेपणा येतो, आणि सरतोही. 2024 च्या सप्टेंबरात इथे पावसाने दोनशेहून जास्त माणसं नेली, तेव्हा ‘घरी आहात ना’ म्हणून पहिला फोन शेजारणीचाच आला होता.

खरं सांगायचं तर मला तुझ्या प्रश्नाने झोप लागली नाही ती याच्यासाठी. नऊ वर्षं मी पहाडातल्या माणसांना सांगतेय की इथेच राहा, पाणी येईल. माझं स्वतःचं गाव सह्याद्रीच्या कुशीत आहे. तिथला झरा मार्चमध्ये आटतो, गावाला टँकर येतो. वर कातळाला भेग कुठे आहे आणि चर कुठे घ्यायचे, हे मला नकाशा न बघता सांगता येईल. भाऊ दर वर्षी विचारतो, कधी येतेस. मी म्हणते, हा टप्पा संपला की.

तर ये म्हणू की नको म्हणू, मला ठरवता येत नाही. आलास तर मुलीची इयत्ता शाळेकडून आधी लेखी घे, जन्मतारखेचं रूपांतर स्वतः तपासून दे, आणि चैत्रातच पोच. नेपाळी मी शिकवीन तिला. लेकीची पहिली पुस्तकं मी अजून ठेवलीयत.