वाचकांचे प्रश्न : ईएफ ५८ म्हणजे हृदय निम्मंच चालतंय का?

प्रश्न : बाबांचा (वय ६८, बीपीची गोळी चालू) टू-डी इको झाला. रिपोर्टात ‘ईएफ ५८ टक्के’ आहे. डॉक्टर नॉर्मल म्हणाले. पण आईने ‘हृदय निम्मंच चालतंय’ असं ठरवून बाबांचं सकाळचं फिरणं बंद केलं. ५८ नॉर्मल कसे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : हे परीक्षेतले मार्क नव्हेत. डाव्या जवनिकेत (हृदयाचा रक्त अंगभर ढकलणारा खालचा कप्पा) भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर पडलं, ते ईएफ (इजेक्शन फ्रॅक्शन) सांगतो. जवनिका भरली की तिच्यात साधारण १२० मिलि रक्त असतं. ती आवळली की ७० मिलि महाधमनीत जातं, ५० मिलि आतच उरतं. ७० भागिले १२०, झाले ५८ टक्के. मिनिटाला ७२ ठोके धरले तर पाच लिटर होतात. अंगात एकूण रक्तही जवळपास तेवढंच. निरोगी माणसाचा ईएफ साधारण ५२ ते ७४ असतो, शंभर कुणाचाच नाही. उरलेलं ५० मिलि ही शिल्लक आहे. जिना चढताना जवनिका जास्त जोराने आवळते आणि त्यातलंही थोडं बाहेर पडतं, शिवाय ठोके वाढतात.

मात्र नुसत्या ईएफवर विसंबू नका, विशेषतः बीपी असताना. वर्षानुवर्षं दाब जास्त राहिला की जवनिकेची भिंत जाड आणि ताठर होते. मग ती नीट सैल पडत नाही आणि भरतेच कमी. समजा ९० मिलि भरलं आणि ५४ मिलि बाहेर गेलं, तरी ईएफ ६० टक्के! आकडा झकास, माणसाला मात्र धाप. डाव्या जवनिकेच्या तोंडाशी असलेली मायट्रल झडप गळत असेल तर मागे कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) गेलेलं रक्तही ‘बाहेर पडलं’ म्हणून मोजलं जातं, आणि ईएफ फुगलेला दिसतो.

म्हणून रिपोर्टातल्या खालच्या ओळी वाचा. ‘एलव्हीएच’ म्हणजे भिंत जाड झाली आहे. ‘नो आरडब्ल्यूएमए’ म्हणजे भिंतीचा कुठलाच भाग हालचालीत मागे पडत नाही. हार्ट अटॅकनंतर तसा भाग बहुधा दिसतो. ‘ग्रेड १ डायस्टॉलिक डिसफंक्शन’ म्हणजे जवनिका सैल पडण्यात थोडी कमी पडते, ते साठीनंतर पुष्कळांना असतं, आणि ‘ट्रिव्हियल एमआर’ म्हणजे मायट्रल झडपेची अगदी किरकोळ गळती, ती धडधाकट माणसातही सापडते. दोन सेंटरांच्या ईएफमध्ये चार-पाच टक्क्यांचा फरक मोजणाऱ्याच्या हातानेही पडतो. ईएफ ४० च्या खाली गेला तर गोष्ट वेगळी. तिथे औषधांची आखणीच बदलते.

धाप, छातीत दाब, चक्कर यांतलं काही नसेल तर डॉक्टरांना विचारून फिरणं सुरू करा. आईंना काळजी करायचीच असेल तर पोह्यांवर पडणाऱ्या शेवेची करू द्या. बीपीवाल्याला खरा त्रास त्या मिठाचा.

प्रश्न : कापडाच्या दुकानात दिवसभर उभी असते. संध्याकाळी दोन्ही घोटे सुजतात, सकाळी उतरतात. हृदय कमजोर असेल का?
— एक वाचक, राजवाडा परिसर, इंदूर

उत्तर : बहुधा नाही. पायातलं रक्त वर ढकलायला पोटऱ्यांचे स्नायू लागतात. चालताना ते शिरा दाबतात आणि शिरांमधल्या झडपा रक्त खाली परतू देत नाहीत. नुसतं उभं राहिलं की हा पंप बंद. गिऱ्हाईक नसेल तेव्हा वीस-तीस वेळा टाचा उचला. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन घेत असाल तर सूज त्यानेही येते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. एकाच पायाला सूज आणि दुखणं असेल तर त्याच दिवशी दाखवा, शिरेत गुठळी असू शकते. आडवं पडल्यावर धाप लागत असेल, तर मात्र हृदय तपासायलाच हवं.