मल्टीबीम सोनार एका फेरीत समुद्रतळाचा रुंद पट्टा कसा मोजतो?

सोनार म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारं यंत्र. साधा सोनार बोटीच्या बरोबर खाली एकच ठिपका मोजतो. मल्टीबीम मात्र ध्वनी पंख्यासारखा दोन्ही बाजूंना पसरवतो आणि परत येणारा प्रतिध्वनी शेकडो अरुंद किरणांत वेगळा करून ऐकतो. प्रत्येक किरणाचा कोन ठाऊक असतो, जाऊन-येऊन लागलेला वेळही मिळतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, म्हणजे सरळ खालून 0.1 सेकंदात प्रतिध्वनी आला तर खोली 75 मीटर. पट्ट्याची रुंदी बहुधा खोलीच्या तीन-चार पट भरते.

खरी कसोटी पुढेच आहे. बोट डोलते, आणि 50 मीटर खोलीवर उभ्या रेषेपासून 60 अंशांवरच्या कडेच्या किरणात 1 अंशाची चूक झाली तर खोली जवळपास दीड मीटरने चुकते! म्हणून हालचाल टिपणारा सेन्सर आणि अचूक जीपीएस हवेच. तापमान व क्षारता बदलली की ध्वनी वाकतो. त्यामुळे पाण्यात प्रोब सोडून वरपासून तळापर्यंतचा ध्वनिवेग मोजतात. हे टाळलं, तर सपाट तळही नकाशावर कडांना वर वळलेला किंवा खाली झुकलेला दिसतो. माझ्या मते सर्वेक्षणात सर्वांत जास्त काळजी इथेच घ्यावी.

ध्वनीची वारंवारिता उथळ पाण्यात 200 ते 400 किलोहर्ट्झ, खोल महासागरात 12 किलोहर्ट्झच्या आसपास.