फॉर्मवर 'समाधानी', माझ्यासमोर रडू

"मॅडम, पाळणाघरात सोडताना रोज रडतो हो, मी त्याचं नुकसान तर करत नाहीये ना?" मुलगा दीड वर्षाचा, आई नोकरीवाली, आणि हा प्रश्न कितीतरी आईबाबा विचारतात (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). गंमत म्हणजे त्याच आठवड्यात पाळणाघराने पालकांचा सर्व्हे घेतला होता आणि हिने सगळीकडे 'समाधानी' टिक केलं होतं. का, विचारलं तर म्हणाली, "मग काय लिहू, उद्या परत त्यांच्याच हातात पोर द्यायचंय."

आधी भीतीचं बोलू. आठ-नऊ महिन्यांपासून आई दूर गेली की रडणं सुरू होतं आणि या वयात ते जोरात असतंच. अमेरिकेत १९९१ मध्ये तेराशेहून जास्त बाळांचा मोठा अभ्यास सुरू झाला, त्यात दिसलं की नुसतं पाळणाघरात ठेवल्याने आईशी असलेलं नातं बिघडत नाही, आई बाळाला कसा प्रतिसाद देते ते जास्त महत्त्वाचं. मात्र घरी प्रतिसाद कमी, आणि त्यात भर म्हणून पाळणाघरही सुमार किंवा सांभाळण्याची व्यवस्था सारखी बदलतेय, तर धोका वाढतो, हेही त्यातच आहे, ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

मग मी विचारलं, तुम्हाला नक्की काय कळायला हवंय? तर एवढंच, की मी गेल्यावर किती वेळ रडतो आणि उचलतं कोण. फॉर्ममध्ये स्वच्छता, वेळ, फी सगळं होतं, हे नव्हतं. आणि आपण निघाल्यावर आत काय चालतं ते आपल्याला दिसतच नाही, त्यामुळे पालक जे मार्क देतात ते बरेचदा अंदाजानेच.

तिने पाळणाघरात विचारलं. कळलं की पाचेक मिनिटांत शांत होतो, एका ताईंच्या ओढणीचं टोक धरून बसतो, पण त्या रजेवर असल्या की तासभर किरकिर. म्हणजे सोय तिथे करायची होती, दुसऱ्या एका ताईंची ओळख आधीच करून द्यायची. सोबत मी दोनच गोष्टी सांगितल्या: टाटा छोटा करा, आणि गुपचूप सटकू नका.

काही आठवडे उलटूनही मूल तिथे दिवसभर रडत असेल, खात-झोपत नसेल, तर मात्र 'सवय होईल' म्हणून थांबू नका, आत जाऊन स्वतः बघा. जाऊच देत नसतील तर पाळणाघर बदला.